झाडे मोजणारा काटा

आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून निघाली की काटेवाडीला परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे सणसर, बेलवाडीचे अश्वरिंगण, निमगाव केतकी आणि मग इंदापूर. वारकऱ्यांच्या जुन्या पिढीला हा रस्ता मैलाच्या दगडांपेक्षा सावल्यांवरून अधिक ठाऊक होता. कोणत्या वडाखाली दिंडी टेकते, कोठल्या लिंबाखाली भाकरी सोडावयाची, हे पिढ्यानुपिढ्या ठरलेले असे. आता हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग 965-जी झाला आहे. त्याच्या चौपदरीकरणाची कोनशिला 8 नोव्हेंबर 2021 रोजी बसविण्यात आली आणि रुंदीकरणात रस्त्याच्या कडेची जुनी झाडे गेली. रस्ता हवा होता, याबद्दल दुमत नाही. लाखो पायांना अरुंद डांबरी पट्टीवरून ट्रकांच्या गर्दीत चालावे लागत होते. परंतु गेलेल्या झाडांच्या बदल्यात किती झाडे लावावीत, लावलेली झाडे गेलेल्यांची बरोबरी केव्हा करणार, आणि ती बरोबरी मोजावयाची कशी, हे प्रश्न रस्ता झाल्याने मिटत नाहीत.

पूर्वी अशा प्रश्नांना उत्तर म्हणून एक सुस्कारा पुरत असे. आता उत्तर संगणक देतो. झाडाची जात, खोडाचा घेर, उंची आणि गावाचे हवामान एवढे त्यास सांगितले की ते झाड वीस वर्षांत किती वाढेल, हवेतील किती कार्बन डाय-ऑक्साइड आपल्या लाकडात साठवील, किती धूळ अडवील, किती पाणी जिरवील आणि या सर्वांची रुपयांत किंमत किती, हे तो दशांश चिन्हापर्यंत सांगतो. हा आकडा पुढे सरकारी अहवालात जातो, न्यायालयात जातो, आणि शेतकऱ्याच्या बांधावरील झाडांच्या कार्बनचे पैसे देणाऱ्या ज्या योजना देशात सुरू झाल्या आहेत त्यांच्या करारनाम्यातही जातो.

बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला अशा आकड्याची भीती नाही, तशी भुरळही नाही. त्याचे सारे वर्ष साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तोलले जाते. ऊस किती भरला हे काटा सांगतो; परंतु काटा कोणाचा, तो शेवटचा केव्हा तपासला, तपासताना कोण हजर होते, हे विचारल्यावाचून तो पावती खिशात घालीत नाही. झाडे मोजणाऱ्या संगणकालाही हाच प्रश्न विचारावयास हवा.

झाडाला किंमत लावण्याचा उद्योग आपल्याकडे नवा नाही. कलकत्ता विद्यापीठाचे प्रा. तारक मोहन दास यांनी 1979 मध्ये पन्नास वर्षे जगलेल्या एका झाडाच्या सेवेचे मोल पंधरा लाख सत्तर हजार रुपये काढले होते. शाळेच्या भिंतींवर तो आकडा अजून रंगविलेला दिसतो. पश्चिम बंगालमधील उड्डाणपुलांसाठी 356 झाडे तोडण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने तर सरळ सूत्रच दिले: झाडाचे वय गुणिले 74,500 रुपये. ही शिफारस 2021 च्या आरंभी प्रसिद्ध झाली. त्या 74,500 पैकी 45,000 रुपये एकट्या प्राणवायूचे होते. हेतू स्तुत्य; पण हिशेबातील सर्वांत मोठी रकमच सर्वांत लंगडी निघावी हे दुर्दैव. वातावरणात प्राणवायू एकवीस टक्के आहे आणि झाड जेवढा देते त्याचा बहुतेक भाग त्याच्या श्वसनात व पुढे पालापाचोळा कुजण्यात परत खर्च होतो. रस्त्याकडेच्या लिंबाचे खरे उपकार प्राणवायूचे नव्हेत. वैशाखातल्या डांबरावर पडणाऱ्या त्याच्या सावलीचे आहेत. झाडाची बाजू मांडावयाची तर ती अशा रकमेवर मांडू नये, की जी पहिल्या उलटतपासणीत कोसळेल.

संगणकाने झाड वाढविण्याची कल्पना 1972 पर्यंत मागे जाते. त्या वर्षी डॅनियल बॉटकिन हे परिस्थितिशास्त्रज्ञ आणि आय.बी.एम. कंपनीतील जेम्स जनाक व जेम्स वॉलिस या तिघांनी अमेरिकेतील हबर्ड ब्रुक या जंगलाचे गणिती प्रतिमान प्रसिद्ध केले. युक्ती साधी होती. प्रत्येक जातीचे झाड सर्व काही अनुकूल असताना वर्षाला जास्तीत जास्त किती वाढेल ते आधी ठरवावयाचे, आणि मग ऊन कमी पडले, ओल कमी पडली, शेजाऱ्यांनी दाटी केली, त्या त्या मानाने त्या वाढीत कपात करीत जावयाचे. आजची बहुतेक प्रतिमाने या युक्तीची नातवंडे-पतवंडे आहेत. शहरांतील झाडांच्या उपकारांचा हिशेब करणारी ‘आय-ट्री’ ही संगणक प्रणाली अमेरिकेच्या वनसेवेने 2006 मध्ये सर्वांसाठी खुली केली. आता जगभर ती वापरली जाते.

लिंबाचा हिशेब

आकडा कसा निघतो ते एकदा हातानेच करून पाहू. इंदापूर रस्त्याला कोठेही भेटेल असा एक कडुलिंब घ्या. छातीइतक्या उंचीवर खोडाचा घेर सव्वा मीटर, म्हणजे व्यास सुमारे 40 सेंटिमीटर. उंची दहा मीटर. लाकडाची घनता सुमारे 0.69. उष्ण कटिबंधातील झाडांसाठी 2014 मध्ये प्रसिद्ध झालेले आणि सध्या सर्वत्र वापरले जाणारे सूत्र लावले तर या झाडाचे जमिनीवरचे कोरडे वजन 590 किलोच्या आसपास येते. मुळांसाठी सव्वीस टक्के वाढवा. या वजनात सुमारे 47 टक्के कार्बन धरतात. आणि एक किलो कार्बन म्हणजे 3.67 किलो कार्बन डाय-ऑक्साइड. गुणाकार केला की उत्तर मिळते: या लिंबाने आयुष्यभरात सुमारे 1.3 टन कार्बन डाय-ऑक्साइड हवेतून काढून आपल्या अंगात ठेवला आहे.

आता एकच गोष्ट बदला. हा लिंब कालव्याच्या कडेचा नसून जिराईत माळाच्या मुरमावरचा आहे. घेर तोच, पण वाऱ्याने आणि उपासमारीने तो सात मीटरांवर थांबला आहे. उत्तर 1.3 टनांवरून 0.9 टनांवर येते. तीन मीटर उंचीने तीस टक्के वजन गेले. आणि प्रत्यक्षात काय होते? झाडे मोजावयास पाठविलेला मनुष्य घेर टेपने मोजतो, कारण ते सोपे आहे. उंची मात्र नजरेने लिहितो, किंवा कोष्टकातील सरासरी घालून मोकळा होतो. ज्या शेतकऱ्याला टनावर पैसे मिळावयाचे त्याच्या दृष्टीने हा तीस टक्क्यांचा फरक म्हणजे काट्यातील खोट होय. ती खोट आज त्याच्या बाजूने पडेल, उद्या विरुद्ध पडेल; पण ती खोटच.

या दोन तालुक्यांत तर हा फरक एकाच गावाच्या शिवारात सापडतो. 1876-77 च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डावा कालवा खोदण्यात आला आणि 1885 पासून त्याचे पाणी या भागात खेळू लागले. कालव्याखालची काळी जमीन आणि कालव्यावरचा मुरमाड माळ यांत अंतर कित्येकदा एका हाकेचे असते. पाऊस दोहोंवर सारखाच, वर्षाला सरासरी पाच-सहाशे मिलिमीटर, तोही लहरी. परंतु एकाच्या मुळाशी बारमाही पाझर आहे, दुसऱ्याच्या मुळाशी हातभर खोलीवर काळा कातळ. संगणकाला ‘बारामती’ एवढेच नाव सांगितले तर तो दोघांना एकच हवामान देईल आणि एकच वाढ. पूर्वेकडे उजनीच्या फुगवट्याकाठी तिसरीच तऱ्हा: तेथे 1980 नंतर पाणीच घरापर्यंत चालत आले.

वडाचे तर विचारूच नका. सूत्राला एक खोड लागते. पारंब्या जमिनीला टेकून त्यांचीच खोडे झालेला जुना वड कोणत्या घेराने मोजणार? एखाद्या वडाचे वजन काढावयाचे तर त्याच्या प्रत्येक पारंबीला स्वतंत्र टेप लावावी लागते, किंवा लेसर किरणांनी सारे झाड टिपावे लागते. तसे न करता वडाला सर्वसामान्य झाडाच्या कोष्टकात बसविणे म्हणजे हत्तीला बैलाच्या दावणीला बांधून त्याची पेंड ठरविणे.

येथे एक तुलना ध्यानात घ्यावयास हवी, कारण तीत संगणक झाडाच्या बाजूने साक्ष देतो. महाराष्ट्राने 2021 मध्ये नागरी भागांतील वृक्षसंरक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती केली. तोडावयाच्या झाडाचे जेवढे वय तेवढी रोपे लावावयाची, असा नियम आला. नियम शहरांपुरता आहे, तरी बाहेरही लोक त्याच मापाने बोलतात. आपल्या सव्वा मीटर घेराच्या लिंबाचे वय चाळीस धरा. चाळीस रोपे लावली आणि ती तीन मीटर उंच व पाच सेंटिमीटर जाड होईपर्यंत वाढविली, तर त्याच सूत्राने एका रोपाच्या नावे जेमतेम सात किलो कार्बन डाय-ऑक्साइड जमा होतो. चाळिसांचे मिळून 280 किलो. जुन्या लिंबाशी बरोबरी करावयास अशी 190 झाडे लागतील, आणि तीही जगलेली.

जगलेली हा शब्द मी मुद्दाम योजला आहे. राज्यात 2016 मध्ये दोन कोटी, 2017 मध्ये चार कोटी, 2018 मध्ये तेरा कोटी आणि 2019 मध्ये तेहेतीस कोटी रोपे लावण्याचे संकल्प सोडले गेले. संकल्प लावण्याचे होते. प्रतिमानाला मात्र जगण्याचा आकडा लागतो. दरवर्षी शंभरातली ऐंशी रोपे जगली, म्हणजे ऐकावयास बरेच चांगले, तर पाच वर्षांनी शंभरातली तेहेतीसच उरतात. मुरमावर, टँकरच्या पाण्यावर, मोकाट शेळ्यांच्या वाटेवर ऐंशी टक्के हेही भाग्यच. संगणकात पहिल्या दिवसाची शंभर रोपे घालून वीस वर्षांनंतरचा कार्बन काढणारे अहवाल मग कागदावरच हिरवे राहतात.

जुन्या वाचकांना सुबाभूळ आठवत असेल. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि ऐंशीच्या दशकात तिचा केवढा गाजावाजा झाला! उरुळीकांचनच्या ‘बाएफ’ने चाऱ्यासाठी तिचा प्रसार केला, तो सद्हेतूने आणि कष्टाने. 1982 मध्ये राज्यात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते निघाले आणि नर्सऱ्यांतून सुबाभूळ-निलगिरीची रोपे गावोगाव गेली. एकरी किती चारा, किती जळण, किती वर्षांत, याची कोष्टके त्या वेळीही होती. 1988 च्या सुमारास सुबाभळीवरची परदेशी कीड भारतात शिरली आणि कोवळे शेंडे पिवळे पडू लागले. कोष्टकांत ही कीड नव्हती. असावी कशी? कोष्टके तिच्या आधीची होती. आजच्या प्रतिमानांत पुढील वीस वर्षांतली कोणती कीड, कोणता दुष्काळ नाही, हे कोण सांगणार? प्रतिमानाचा दोष तो नव्हे. परंतु प्रतिमानाने एकच आकडा न देता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे सांगावे, एवढी अपेक्षा त्यामागून येते.

माळ रिकामा नाही

यापुढचा धोका अधिक मोठा आहे. झाडांच्या हिशेबात जे झाड नाही ते शून्य धरले जाते. 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. पृथ्वीवर आणखी 90 कोटी हेक्टर वृक्षछत्र मावेल आणि त्यात 205 अब्ज टन कार्बन साठेल, असे संगणकाने काढलेले त्याचे उत्तर जगभर गाजले. त्याच वर्षी अनेक शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला की, यात धरलेली पुष्कळशी जमीन मुळात जंगलाची नव्हेच. ती गवताळ आहे, तिच्या कार्बनचा मोठा साठा मुळांत आणि मातीत आहे आणि तो मोजलेलाच नाही.

हा वाद दूरदेशीचा वाटेल. पण तो आपल्या उंबऱ्यावर आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे: पाच चौरस किलोमीटरांहून किंचित मोठे, 1997 मध्ये चिंकारा हरिणांसाठी राखलेले. शिर्सुफळचा माळ, इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचा माळ, हे याच जातीचे. कुसळी, पवन्या, शेडा अशा गवतांच्या या माळांवर लांडगा फिरतो, तरस फिरते, खोकड बिळे करते, धाविक आणि पखुर्डी जमिनीवरच अंडी घालतात. वनविभागाने अलीकडे येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, ही जाण आल्याची खूण म्हणावयास हरकत नाही. कारण याआधी अशाच माळांवर ओळीने चर खणून गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावण्याची रीत महाराष्ट्रात बोकाळली होती. सरकारदप्तरी माळ म्हणजे पडीक जमीन. देशाच्या ‘पडीक जमिनींच्या नकाशा’तही झुडपी व गवताळ माळ त्याच रंगात रंगविले गेले आहेत.

केंद्र सरकारच्या हरित श्रेयांक योजनेत 2024 मध्ये जी पद्धत ठरली, तिने झुडपी आणि पडीक जमिनींवर हेक्टरी किमान 1100 झाडांची अट घातली. टीका झाल्यावर ऑगस्ट 2025 मध्ये ती सुधारण्यात आली. आता श्रेयांक पाच वर्षांनंतर, जगलेल्या झाडांवर मिळावयाचे. ही सुधारणा चांगलीच. परंतु तिच्यासोबत किमान चाळीस टक्के वृक्षछत्राची अट आली आहे, आणि कडबनवाडीच्या माळावर चाळीस टक्के छत्र म्हणजे कडबनवाडीचा माळ संपणे होय. गवत सावलीत मरते. हरिण उघड्यावर पळून जीव वाचविते. झाडीत ते सापडते. आणि धनगराने मेंढरे कोठे न्यावीत? काटेवाडीला पालखीभोवती धावणाऱ्या मेंढ्या कौतुकाने पाहणाऱ्यांनी, त्या उरलेले अकरा महिने कोणत्या गवतावर जगतात, याचाही थोडा विचार करावा. संगणकाच्या कोष्टकात मेंढीचा रकाना नाही, तसा पाण्याचा रकानाही कित्येकदा नसतो. झाड कार्बन साठविते ते पाणी पिऊनच. ज्या गावात मार्चपासून विहिरी तळ गाठतात तेथे दाट लागवडीने भूजलावर काय भार पडेल, हे प्रतिमानाला विचारता येते. फक्त विचारणारा हवा.

याचा अर्थ संगणक गुंडाळून ठेवावा असा नव्हे. या भूमीला तो परका नाही. बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानाने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्डच्या साहाय्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग केला, त्याचा उल्लेख 2025 च्या आरंभी खुद्द मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी केला. त्या प्रयोगात उसाचे गणित कशावर उभे आहे? शेतातच रोवलेल्या, मातीची ओल व हवेची उष्णता सांगणाऱ्या उपकरणांवर. उसाला आपण आपल्या मातीचे मोजमाप देतो. झाडाला मात्र दुसऱ्याच्या जंगलात तयार झालेले सूत्र देऊन वाटेला लावतो. माळेगावला 2009 पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी आहे. मुरूम फोडून त्यात फळझाडे कशी रुजवावीत, याचा अभ्यास तेथे झाला आहे. कातळावरच्या झाडाची वाढ किती मंद आणि किती बेभरवशाची, हे सांगावयास याहून जवळचा साक्षीदार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. कालव्याखाली, माळावर आणि उजनीकाठी अशा तिन्ही ठिकाणची काही शे झाडे कायमची निवडावीत: लिंब, बाभूळ, चिंच, करंज, बोर, आणि रस्त्याकडेला जे वड-पिंपळ उरले आहेत ते एकूण एक. बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आहेत. वर्षातून एकदा त्यांनी घेर आणि उंची मोजावी, मेलेल्या झाडांची नोंद मेलेली म्हणूनच करावी, आणि वही पंचायतीत व वनविभागात दोन्हीकडे ठेवावी. महामार्गाच्या कडेला लावलेल्या रोपांची वही वेगळी, आणि ती गावकऱ्यांना पाहावयास खुली. गवताळ माळांच्या मातीतला कार्बन स्वतंत्रपणे तपासावा आणि तो होईपर्यंत ते माळ लागवडीच्या कोणत्याही गणितात रिकामी जागा म्हणून धरू नयेत. पाच-सात वर्षांच्या अशा नोंदी हाती आल्या की मग वाटेल ते प्रतिमान आणावे. त्याचे उत्तर आपल्या वहीशी ताडून पाहता येईल.

मोजणी माघ-फाल्गुनात करणे बरे. पाऊस नसतो, ऊस बहुतेक तुटून गेलेला असतो आणि बांधापर्यंत पोहोचता येते. प्रत्येक खोडावर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीला रंगाचा एक पट्टा ओढून ठेवावा. पुढल्या वर्षी मोजणारे हात वेगळे असतील. टेप त्याच जागी बसली पाहिजे.